सानपाड्याच्या निवासी पाकशाळेत राहायला येण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेशाचे दिवस आले की मला वसतिगृहाच्या फोनपाशी बसवतात. गेल्या वर्षी मी इथली विद्यार्थिनी होते, आता किचनमध्ये मदतनीस आहे. म्हणजे सकाळी गाजरं मोजून द्यायची आणि दुपारी पालकांना उत्तरं द्यायची. प्रश्न तेच ते असतात, आवाज तेवढा बदलतो. म्हणून एकदाच बसून लिहून काढलं. फी आणि तारखा ऑफिसात विचारा. इथे राहण्याचं, खाण्याचं आणि राबण्याचं आहे.

हे कॉलेज आहे का? डिग्री मिळते का?

नाही. एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आहे, त्यात शेवटचे काही महिने हॉटेलात ट्रेनिंग. डिग्रीच हवी असेल तर बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटची एनसीएचएम जेईई नावाची प्रवेश परीक्षा असते, ती द्या. दादरला वीर सावरकर मार्गावर १९५४ पासून चालू असलेली संस्था आहे, तिथे त्या परीक्षेतून जाता येतं. तिकडे स्वयंपाकाबरोबर फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, सर्व्हिस, हिशेब असं सगळं शिकवतात. आमच्याकडे फक्त किचन. दोन्हींत चांगलं कुठलं, असं मला विचारू नका. ज्याला काय करायचंय त्यावर आहे.

दिवस किती वाजता सुरू होतो?

तुमची नाश्त्याची पाळी असेल तर पावणेपाचला, नाहीतर सहाला. आठ-आठ जणांच्या टोळ्या आहेत, पाळी दर आठवड्याला फिरते. पावणेसातला हजेरी. ही हजेरी म्हणजे नुसतं 'येस शेफ' म्हणून सुटायचं प्रकरण नव्हे. हात पुढे करायचे, आधी पालथे, मग उताणे. नखं, नेलपॉलिश, अंगठी, मनगटावरचे गंडेदोरे, मुलांची दाढी, मुलींचे जाळीत न बसलेले केस, सगळं बघतात. मंगळसूत्र असेल तर कोटाच्या आत. एकदा एका मुलाने मनगटावरचा धागा काढायला नकार दिला, आजीने बांधलाय म्हणून. शेफ रागावले नाहीत, त्याला त्या दिवशी स्टोअरमध्ये डाळी मोजायला बसवलं. दुसऱ्या दिवशी धागा त्याच्या पाकिटात होता.

साडेसातला तासभर थिअरी. नऊ ते साडेबारा प्रॅक्टिकल. मग जेवण, मग सफाई, अडीच ते पाच बेकरी. पाच ते साडेसहा तुमचा वेळ, त्यात बहुतेक जण झोपतात. साडेसहाला रात्रीच्या जेवणाची तयारी, आठला जेवण, त्यानंतर जर्नल लिहायचं. साडेदहाला दिवे बंद. पहिले पंधरा दिवस पाय सुजतात. बादलीत कोमट पाणी आणि मीठ, बाकी उपाय नाही. निदान मला तरी सापडला नाही.

मेसचं जेवण कसं असतं?

पालकांचा हा पहिला प्रश्न असतो आणि मला दर वेळी हसू येतं. मेसला वेगळा आचारी नाहीच. मुलं जे शिकतात, तेच जेवतात. चाळीस मुलं, चार बॅचेस. सकाळी एका बॅचने जे शिजवलं ते दुपारी सगळ्यांच्या ताटात येतं. चांगलं झालं तरी आणि बिघडलं तरी.

याचा नीट विचार करून या. दुसऱ्या आठवड्यात ब्रुन्वाझ शिकवतात, म्हणजे भाजीचे साधारण ३ मिलिमीटरचे चौकोनी तुकडे. प्रत्येकाला अर्धा किलो गाजर. चाळीस जणांची वीस किलो गाजरं, आणि त्यातले नीट चौकोनी तुकडे असतील मूठभर. उरलेलं कुठे जाणार? सोमवारी गाजराचं सूप. मंगळवारी कोशिंबीर. बुधवारी गाजर-मटार. गुरुवारी हलवा, तेव्हा टाळ्या वाजल्या. शुक्रवारी परत सूप. माझ्या रूममेटने घरी फोन करून सांगितलं, 'आई, इथे घोड्यासारखं ठेवलंय.'

माझीही एक कथा आहे. व्हाइट सॉसचा दिवस होता. लोणी वितळवायचं, तेवढाच मैदा घालून मंद आचेवर परतायचा, रंग बदलू द्यायचा नाही, मग दूध थोडं थोडं. हे वहीत मी सुंदर अक्षरात लिहिलं होतं. पाच लिटर दुधाच्या टोपाखाली आच मोठी ठेवली आणि व्हिस्कने वरवर ढवळत राहिले. तळ लागला. आता तळ लागला की एक करायचं असतं, लगेच वरचं दूध दुसऱ्या टोपात ओतून घ्यायचं आणि तळ अजिबात खरवडायचा नाही. मी काय केलं, तर घाबरून उलथन्याने तळ खरवडला. त्या रात्री चाळीस जणांनी करपट वासाची मॅकरोनी खाल्ली. कोणी अवाक्षर काढलं नाही, कारण परवाचा गच्च भात त्यांनी केला होता.

फेकायची परवानगी फक्त अन्न खराब असेल तर. नुसतं बेचव असेल तर खायचं. आमच्या टोळीने पहिल्यांदा तीन किलो पोहे एकदम भिजवले. घरी चाळणीत धरून नळाखाली फिरवले की झालं, पण तीन किलोंत खालचे लगदा झाले आणि वरचे कोरडे राहिले. शेफने आत येऊन बघितलं, लगद्यात तांदळाचं पीठ, कांदा, मिरची, कोथिंबीर घालायला लावली आणि म्हणाले, थापा. नाश्ता पाऊण तास उशिरा मिळाला. चांगला झाला होता, खरं सांगायचं तर पोह्यांपेक्षा बरा.

तीन-चार महिन्यांनी मात्र ताट बदलतं. डिसेंबरात आलेल्या एका वडिलांनी आमची बिर्याणी खाऊन विचारलं, कुठून मागवली?

घरी साधा चहाही केलेला नाही. चालेल का?

चालेल. उलट घरी सगळा स्वयंपाक करणाऱ्यांना जास्त जड जातं, कारण त्यांना 'अंदाजाने' म्हणायची सवय असते. इथे मीठसुद्धा काट्यावर मोजतात. सहा महिन्यांनी अंदाज परत हातात येतो, पण तो वेगळा असतो.

सुऱ्यांचा सेट विकत घेऊन यायचा का?

कृपा करून नको. बारा सुऱ्यांचा चकाचक सेट घेऊन आलेल्या मुलाच्या दहा सुऱ्या वर्षअखेरीस कागदात गुंडाळलेल्याच होत्या. आठ इंची शेफ्स नाइफ, एक छोटी पेअरिंग नाइफ, एक सोलाणं. एवढं पुरतं, आणि ते इथे आल्यावर शेफला विचारून घेतलेलं बरं.

मला सुरीचा त्रास झाला तो वेगळ्याच कारणाने. आमच्या पाटणच्या घरी सगळं विळीवर. विळीवर पातं जागेवर उभं असतं आणि भाजी हलते. दोन्ही हातांनी कांदा धरून पात्यावर पुढे ढकलायचा. सुरीचं नेमकं उलट, भाजी जागेवर आणि पातं हलणार. माझा डावा हात जुन्या सवयीने कांदा घेऊन सुरीकडे जायचा. पहिल्या आठवड्यात तीन बोटांना पट्ट्या. शेफ म्हणाले, डाव्या हाताचा पंजा कर, बोटांची टोकं आत वळव, मधल्या पेराला पातं टेकू दे, म्हणजे सुरीला वाट तुझं पेर दाखवेल. कांद्याचं मूळ कापायचं नाही, त्यामुळे पाकळ्या सुटत नाहीत. अर्धा कांदा पालथा, उभ्या चिरा मुळापर्यंत न नेता, मग आडव्या, मग पुढून बारीक. महिनाभराने एका दुपारी माझ्या लक्षात आलं की मी पाच किलो कांदा कापला आणि एकदाही हाताकडे बघितलं नाही.

डोळ्यांतून पाणी येण्यावर मुलं काय काय करतात! तोंडात पाव धरतात, मेणबत्ती लावतात. धार नीट ठेवा. बोथट सुरी कांदा चेपते, जास्त पेशी फुटतात, जास्त झोंबतं. रोज सकाळी सुरी स्टीलवर, म्हणजे धारेच्या सळईवर, दहा वेळा फिरवायची आणि महिन्यातून एकदा दगडावर.

आणि हो, सुटीत घरी गेले तेव्हा विळीवर बसून बोट कापून घेतलं. आई म्हणाली, एवढे पैसे भरून हेच शिकलीस का?

हात कापला, भाजला तर?

कापतो आणि भाजतो, होणारच. कापल्याची निळी पट्टी मिळते. निळीच का, तर खाण्यात निळं काही नसतं, पट्टी जेवणात पडली तर दिसते. भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचं. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काही लावायचं नाही. मोठं असेल तर वॉर्डन रिक्षाने दवाखान्यात नेतात. तापलेलं हँडल ओल्या डस्टरने धरायचं नाही, वाफेने भाजतं. हे दहा वेळा सांगतात आणि तरी प्रत्येक जण एकदा करतोच.

मिरच्या चिरल्यावर हाताची आग होते, ती पाण्याने जात नाही. आधी तेल चोळा, मग साबण. आणि तोवर डोळ्याला हात लावू नका. हे वाचूनही लावाल.

आम्ही शाकाहारी आहोत. मांस कापावं लागेल का?

प्रवेशाच्या वेळी फॉर्ममध्ये लिहा. शाकाहारी मुलांची बॅच वेगळी करतात, मेसमध्ये शाकाहारी जेवण रोज असतं आणि बोर्डांचे रंग वेगळे आहेत. भाज्या हिरव्या बोर्डावर, कच्चं मांस लाल, मासे निळ्यावर, बेकरी आणि दूधदुभतं पांढऱ्यावर. पण एक स्पष्ट सांगते. ट्रेनिंगला हॉटेलात गेल्यावर ही सोय सगळीकडे मिळत नाही. माझ्या बॅचमधली एक मुलगी बेकरीकडे वळली आणि आता तिथे मजेत आहे. तिने अंड्यापर्यंत तडजोड केली. कांदा-लसूणसुद्धा चालत नसेल तर आधी प्रत्यक्ष येऊन बोला, फोनवर नको.

बाजारात नेतात का?

नेतात, आणि मला विचाराल तर वर्षातला हाच सगळ्यात चांगला तास. शाळेपासून एपीएमसी, म्हणजे वाशीचा घाऊक बाजार, जवळ आहे. त्यात पाच बाजार आहेत, कांदा-बटाटा, भाजी, फळं, मसाला आणि धान्य. मुंबईतला भायखळ्याचा भाजीबाजार आणि क्रॉफर्ड मार्केटचा फळांचा घाऊक बाजार १९९६ साली इकडे आले. रात्री गाड्या लागायला लागतात आणि उजाडायच्या आधीच मुंबई-ठाण्याचे भाजीवाले माल उचलून निघालेले असतात. आपण सहाला पोहोचलो की उरतो चिखल, कोबीची पानं आणि चहावाला. म्हणून शेफ चारला नेतात.

माझे मामा तिथे माथाडी आहेत, राहायला कोपरखैरण्यात. आमच्या साताऱ्याकडची कितीतरी माणसं या कामात आहेत. पहिल्यांदा बॅचबरोबर गेले तेव्हा मामा कांद्याची पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन समोरून आले. मी पांढऱ्या कोटात, हातात वही. त्यांनी थांबून विचारलं, 'काय गं, काय लिहितेस?' मी म्हटलं, कांद्याचा भाव. ते हसले, गोणी थप्पीवर टाकली आणि परत आले. मग त्यांनी आमच्या बॅचला कांदा कसा बघायचा ते दाखवलं. मान दाबून बघायची, मऊ लागली तर आतून सडायला सुरुवात झाली. साल हातात कुरकुरली पाहिजे. गोणीवर नाक टेकवायचं, आंबूस वास आला तर मधे कुठेतरी एक नासका बसलाय आणि तो बाकीच्यांना घेऊन जाणार. शेफने हे सगळं वहीत लिहायला लावलं. जर्नलच्या त्या पानावर 'मार्गदर्शक' या रकान्यात मी मामांचं नाव लिहिलं, ते शेफने खोडलं नाही.

माशांसाठी बेलापूरजवळच्या दिवाळे गावात जातो. तिथे कोळणींशी घासाघीस करायला जाल तर हसं होईल. कल्ला उचलून बघायचा, आत लालभडक हवा. तपकिरी असेल तर पुढे चला. डोळा फुगीर आणि चकचकीत. पोटावर बोट दाबलं तर खड्डा लगेच भरून यायला हवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीची बंदी असते, तेव्हा माशांचे तास होत नाहीत. त्या दोन महिन्यांत कोणी 'ताजा पापलेट' म्हणून दाखवला तर तो बर्फातून आलाय एवढं समजून घ्या.

नुसतं पिझ्झा-पास्ता शिकवतात की आपलंही काही?

दोन्ही. पहिले चार महिने फ्रेंच पद्धतीचा पाया असतो. स्टॉक (हाडं-भाज्या उकळून काढलेलं पाणी), सॉस, भाजी कापायचे प्रकार. त्यात कंटाळा येतो, पण स्टॉक गार पाण्यापासून सुरू करायचा, खळखळा उकळू द्यायचा नाही, फेस काढत राहायचं, हे एकदा हाताला बसलं की तांबड्या-पांढऱ्या रश्शाचं पाणीही नितळ निघतं.

आपल्या जेवणाचा सगळ्यात मोठा तास मात्र शेफने घेतला नाही. किचन झाडायला सानपाडा गावातल्या एक आगरी मावशी येतात. तांदळाच्या भाकरीचा तास होता. पुस्तकात बघून आम्ही पीठ गार पाण्यात मळलं, भाकऱ्या तव्यावर जायच्या आधीच फाटल्या. मावशी कोपऱ्यात झाडू टेकवून बघत होत्या. शेफने त्यांना विचारलं, 'मावशी, दाखवता का?' त्या आधी नाही म्हणाल्या. मग हात धुऊन आल्या.

पातेल्यात पाणी, मीठ, वर एक थेंब तेल. पाणी किती, पीठ किती, असं विचारलं तर म्हणाल्या, 'भांडं तेच, माप तेच.' म्हणजे एका भांड्याला एक भांडं. कधी घालायचं पीठ? 'पाणी बोलायला लागलं की.' पीठ टाकलं, उलथन्याच्या दांड्याने ढवळलं, झाकण, गॅस बंद. पाच मिनिटांनी ती वाफाळती उकड परातीत घेतली आणि बाजूला गार पाण्याची वाटी. बोटं पाण्यात बुडवून त्यांनी तळहाताच्या टाचेने ती उकड रगडली, इतकी की मैद्याच्या कणकेसारखी गुळगुळीत झाली. मग परातीत पीठ भुरभुरून थापायला घेतली. एका हाताने थापायची, दुसऱ्याने कडेने फिरवायची. टप टप टप असा सारखा आवाज, कडा कुठेही जाड नाही. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला. उलटली आणि भाकरी फुगली.

नंतर शेफने फळ्यावर लिहिलं. तांदळात ग्लूटेन नसतं, त्यामुळे गार पाण्यात मळून चिकटपणा येत नाही. उकळत्या पाण्याने स्टार्च फुगतो आणि चिकट होतो, तोच पीठ धरून ठेवतो. उकडीच्या मोदकांची पारीही याच कारणाने वळते. मावशींनी फळ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'हे लिहिल्याने भाकरी गोल होते का?'

तेव्हापासून दर बॅचला तो तास मावशीच घेतात. त्याचे वेगळे पैसे त्यांना मिळावेत, हे आम्ही मुलांनी ऑफिसात जाऊन दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकलं.

भांडी कोण घासतं?

तुम्ही. मोठ्या टोपांसाठी माणूस आहे, पण आपापल्या बॅचची भांडी, ओटा, गॅसची शेगडी, एक्झॉस्टची जाळी, गटाराची जाळी, सगळं तुमचं. पालकांना हे आवडत नाही. एका आईंनी विचारलं होतं, आम्ही भांडी घासायला पैसे भरतोय का? काकू, अर्धे त्यासाठीच. तेलकट जाळी पेटली तर किचन जातं. ट्रेनिंगला गेल्यावर पहिल्या आठवड्यात शेफ तुमचा सॉस चाखत नाही, तुमचं टेबल बघतो.

शिळं अन्न देतात का?

नाही, आणि याबाबतीत शेफ कोणाचं ऐकत नाहीत. गरम अन्न ६० अंशांच्या वर, गार अन्न ५ अंशांच्या खाली, मधल्या तापमानात जंतू वाढतात. रात्रीचा भात ओट्यावर ठेवून सकाळी फोडणी द्यायची, ही आपल्या घराघरातली पद्धत इथे बंद. भातातल्या काही जंतूंचं विष फोडणीने मरत नाही. भात उरला तर पसरट ट्रेमध्ये पातळ थर करून लवकर गार करायचा आणि फ्रिजमध्ये. प्रत्येक डब्यावर तारीख, वेळ, सही. जुना डबा पुढे, नवा मागे. आता मी घरी गेले की आईच्या फ्रिजमधल्या डब्यांवर तारखा चिकटवते आणि शिव्या खाते.

पावसाळ्यात काही अडचण?

बेकरीवाल्यांची. हवेत इतका ओलावा असतो की मेरँगला, म्हणजे अंड्याचा पांढरा बलक आणि साखर फेटून केलेल्या फेसाला, पाणी सुटतं, बिस्किटं संध्याकाळी मऊ, साखरेच्या सजावटी चिकट. क्रोसाँचा तास शेफ जानेवारीत घेतात, कारण घडी घालताना लोणी वितळलं की थर संपले. तीन वेळा तिहेरी घडी घातली की लोण्याचे सत्तावीस थर व्हायला हवेत. माझे किती झाले ते मोजता आलं नाही, ब्रेडच झाला होता. तोही खाल्ला, चहाबरोबर.

कपडे किती आणायचे?

कोट-अ‍ॅप्रनचे तीन जोड लागतात, दोन अजिबात पुरत नाहीत. काळी, बंद, न घसरणारी चपटी बुटं. सुती मोजे, नायलॉनचे नकोत. हळदीचा डाग धुऊन उन्हात वाळवा, उन्हाने फिका पडतो. ब्लीचच्या नादी लागू नका, कोट पिवळा पडतो आणि डाग तिथेच.

मोबाइल?

प्रॅक्टिकलच्या वेळी लॉकरमध्ये. संध्याकाळी मिळतो.

मुलींसाठी सुरक्षित आहे का?

मुलींचा मजला वेगळा, वॉर्डन बाई मजल्यावरच राहतात, रात्री नऊनंतर बाहेर जायचं तर रजिस्टर आणि घरचा फोन. पहाटे बाजारात जाताना सगळे एकत्र, शाळेच्या गाडीने. मला वर्षभरात इथे कधी भीती वाटली नाही. 'पाच किलोचा टोप मुलगी कशी उचलणार' असं एका मुलाने म्हटलं होतं, त्याच्याकडून वर्षअखेरीपर्यंत आम्ही टोप उचलून घेतले.

फीमध्ये सगळं येतं का?

कच्चा माल, गॅस, जेवण, राहणं येतं. तरी कुठेही प्रवेश घेताना या चार गोष्टी लेखी विचारा: युनिफॉर्म, सुऱ्या, परीक्षा फी, ट्रेनिंगच्या काळातलं राहणं. मी इथे येण्याआधी दुसऱ्या एका संस्थेत नाव घातलं होतं. तिथे परीक्षेच्या आठ दिवस आधी वेगळी फी सांगितली. वडिलांनी सोसायटीतून उसने काढले. नंतर मी तिथून निघाले. ते पैसे गेले ते गेलेच.

रविवारी काय करतात?

झोपतात. दुपारनंतर ज्यांच्यात जीव उरतो ते सानपाड्याहून ठाण्याची लोकल धरतात, गाडी बदलावी लागत नाही. मामलेदारच्या मिसळीला रांग लावायची, तलावपाळीला एक फेरी मारायची आणि परत. पण आता बाहेर खाण्याची मजा जराशी गेली आहे हेही खरं. मिसळीचा पहिला घास घेतला की सगळे गप्प होतात आणि मग कोणीतरी म्हणतो, 'कट वेगळा करून वरून ओततात, बघ.' शेजारच्या टेबलावरची माणसं आमच्याकडे वळून बघतात.

नोकरी लागेल का? पगार?

ट्रेनिंग नीट केलं तर लागते. सुरुवात सगळ्यात खालच्या पायरीवरून, 'कॉमी' म्हणून, म्हणजे शेफच्या हाताखालचा सगळ्यात कनिष्ठ स्वयंपाकी. आठ-दहा तास उभं राहणं, सणावाराला कामावर असणं, दुपारी तीन तास सुटी देऊन संध्याकाळी परत बोलावणं, हे सगळं आहे. टीव्हीवरचा शेफ डोळ्यांसमोर ठेवून येत असाल तर एकदा कुठल्याही हॉटेलच्या मागच्या दाराशी रात्री साडेअकराला उभे राहा आणि बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे बघा. तरी यावंसं वाटलं तर या.

मुलगा रडतो का? परत येतो म्हणाला तर?

दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात रडतात. दुसऱ्यात हात दुखतात म्हणून, सहाव्यात घरच्या वरणभाताची आठवण येते म्हणून. त्या वेळी लगेच घ्यायला येऊ नका, फोनवर ऐकून घ्या. आम्ही सहाव्या आठवड्यात मुद्दाम वरणभात-तूप-लिंबाचा दिवस ठेवतो. साधं वरण चाळीस जणांचं करणं किती अवघड आहे, ते त्या दिवशी कळतं. डाळ गोटीही राहायला नको आणि पिठलंही व्हायला नको. त्यात प्रत्येकाच्या घरचं वरण वेगळं. सोलापूरच्या मुलाला गूळ चालत नाही, पुण्याच्या मुलीला गुळाशिवाय चालत नाही. शेवटी दोन पातेली करतात.

पालकांनी भेटायला कधी यायचं? खाऊ आणला तर चालेल का?

महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी, अकरा ते चार. आधी फोन करा म्हणजे ताटं वाढवायला सांगते. मुलांनी केलेलं जेवण जेवूनच जा, नाही म्हणू नका. मीठ जास्त असेल तर त्यांच्यासमोर सांगा, आम्ही तेच करतो.

खाऊ आणा. चकली, शंकरपाळे, शेंगदाण्याची चटणी, काहीही. किचनमध्ये न्यायला परवानगी नाही, खोलीत ठेवायचा. फक्त एकट्या आपल्या मुलापुरता आणू नका. डबा उघडला की दहा हात येतात. दहा मिनिटांनी चकलीत मोहन किती होतं यावर भांडण सुरू होतं. संध्याकाळी निघताना डबा परत मिळेल, घासून, पुसून, झाकणासकट.